रेशनच्या तांदळाऐवजी बाईच्या खात्यात पैसे टाकले तर?

खाडीपल्याड (ऐरोली)

नवी मुंबईत तुर्भ्याच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला, दाणाबंदर (धान्य) अशी पाच मार्केटं आहेत. रोज पहाटे मुंबईचं जेवण तिथे ट्रकमधून उतरतं आणि चालत जाण्याच्या अंतरावरच्या वस्तीत अंगणवाडीच्या वजनकाट्यावर पोरं कमी भरतात. यावर सगळ्यांचं हळहळून झालंय, म्हणून हा धागा थेट मुद्द्यावरून सुरू करतो.

या घरांत तांदळाचा तुटवडा फारसा नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य यादीतल्या गरीब कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य, सगळ्यात गरिबांच्या अंत्योदय कार्डाला सरसकट ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि जवळपास २६ टक्के उंचीच्या मानाने बारीक निघाली. बारीक मुलांचं देशाचं प्रमाण १९ टक्के, म्हणजे आपलं श्रीमंत राज्य इथे देशाच्याही मागे.

कमी पडतंय ते डाळ, तेल, अंडं, दूध, पालेभाजी. रेशनवर ते मिळत नाही. मग बायका काय करतात? दारावर येणाऱ्या व्यापाऱ्याला पाच-सात किलो तांदूळ पडेल त्या भावाने विकतात आणि त्या पैशांत भाजी-तेल आणतात. कायद्याने हा गुन्हा, पण हिशेब अगदी बरोबर. मग सरकारनेच धान्याचे पूर्ण पैसे घरातल्या बाईच्या खात्यात का टाकू नयेत? चंडीगड आणि पुदुच्चेरीत २०१५ पासून हे करून पाहिलंय.

कोपरीकर

पैसे द्या म्हणे! आमच्याकडे धुणंभांडी करायला येतात त्या मावशींच्या घरात दोन टच मोबाईल आहेत. पोराच्या हातात सकाळपासून कुरकुऱ्यांचं पाकीट. रोख हातात पडली की रिचार्ज होईल, गावाला लग्नाचा आहेर जाईल, दारू येईल. तांदूळ निदान पोटात तरी जातो. गरिबीपेक्षा सवयीचा प्रश्न मोठा आहे, हे बोललं की लोकांना राग येतो.

निशा, कळवा

कोपरीकर, राग नाही येत, कंटाळा येतो. रोजंदारीसाठी नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला मुकादम फोन करून बोलावतो. फोन नसेल तर त्या दिवशी काम नाही. दुसरा फोन घरी पोरांकडे, कारण आई-बाप दोघंही बाहेर.

कुरकुऱ्यांचं बोलायचं तर ते पाच रुपयांना मिळतं, शिजवावं लागत नाही, भांडं घासावं लागत नाही, दुपारी चारलाही खराब होत नाही. घरात सुटा भरलेला गॅस, तोही संपत आलेला. तुम्ही त्या जागी असता तर भाकरी-पिठल्याचा घाट घातला असता का, खरं सांगा.

शटरबंद

माझ्या सासऱ्यांचं ठाण्यात रेशन दुकान होतं, बरीच वर्षं गल्ल्यावर मीही बसलोय. त्यामुळे थोडं आतलं लिहितो.

तांदूळ विकला जातो हे खरं. का विकतात त्यात एक कारण खाडीपल्याड यांनी लिहिलं नाही. गेल्या काही वर्षांत तांदळात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळायला लागले, शंभर किलोला एक किलो. हे दाणे पाण्यात तरंगतात, रंगाला थोडे वेगळे दिसतात. लगेच बोभाटा, ‘प्लास्टिकचा तांदूळ आला’. बाया सुपात घेऊन नेमके तेच दाणे वेचून फेकून देतात. ज्या पोरीच्या अंगात रक्त नाही तिच्यासाठी घातलेलं लोह उकिरड्यावर. कुणी दुकानात येऊन दोन मिनिटं समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरं, कार्ड मिळणाऱ्यांबद्दल आपण बोलतोय. न मिळणाऱ्यांचं काय? शहरात प्राधान्य यादीसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९,००० ठरवली गेली. म्हणजे महिन्याला पाच हजारही नाही. नवरा-बायको दोघं नाक्यावर जात असतील तर खरं उत्पन्न सांगून हे कार्ड मिळायचं नाही. वर यादीतल्या माणसांचा कोटा २०११ च्या जनगणनेवर बेतलेला. त्यानंतर दिवा, घणसोली, तळोजा कुठल्या कुठे वाढलं! तुम्ही पैसे द्या नाहीतर सोन्याची नाणी द्या, नाव यादीत नसेल तर दोन्ही शून्यच.

आणि रोख रकमेला माझा साफ विरोध. ५ किलो तांदूळ हा ५ किलोच राहतो. आज ठरवलेली रक्कम पाच वर्षांनी वाढवायला कोण बसलंय?

खाडीपल्याड (ऐरोली)

शटरबंद काका, यादीचा मुद्दा मान्य, पण तो माझ्या प्रस्तावाला उत्तर नाही. रक्कम महागाई निर्देशांकाला बांधता येते, नोकरदारांचा महागाई भत्ता बांधलाच आहे की. गरिबाच्या बाबतीतच आपल्याला सगळं अशक्य का वाटतं?

सात्त्विक ठाणे

कुठल्याही चर्चेत अंडं येतंच. नाचणी, शेंगदाणे, गूळ, कडधान्यं हा आपला आहार होता. तो सोडला म्हणून ही वेळ आली. शाळेत मुलांवर अंडी लादू नयेत.

निशा, कळवा

लादलं कुणी? राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधीच थांबवला. तेव्हा तुमची नाचणी-गूळ ब्रिगेड मंत्रालयासमोर दिसली नाही. शेंगदाण्याचा भाव विचारून या एकदा.

बकुळ (रबाळे)

माझी आई एमआयडीसीच्या कडेला असलेल्या वस्तीत अंगणवाडी सेविका आहे. वरची सगळी चर्चा ‘घरात काय येतं’ यावर चाललीय. ‘बाळाच्या तोंडात काय जातं आणि कोण भरवतं’ यावर कुणी बोललं नाही, म्हणून लांबण लावते.

एक वर्षाचं पोर एका वेळी अर्धी-पाऊण वाटी खातं. त्याला दिवसातून चार-पाच वेळा, मऊ करून, थोडं तेल-तूप घालून, मागे लागून भरवावं लागतं. आई सातला नाक्यावर जाते ती अंधार पडल्यावर येते. मधल्या वेळात बाळ असतं आठ वर्षांच्या बहिणीकडे. ती बिचारी काय भरवणार? बिस्किट चहात बुडवून देते. देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आणि वेगवेगळ्या प्रकारचा आहार फक्त ११ टक्क्यांना मिळतो, तोही वरच्या त्या कुटुंब आरोग्य पाहणीतलाच आकडा. सगळे गरीब धरले तरी ८९ टक्के गरीब नाहीत देशात! म्हणजे पैशाशिवाय दुसरंही काही अडतंय.

आता अंगणवाडीची गंमत बघा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे बसवून गरम खाऊ. सहा महिने ते तीन वर्षांच्यांना घरी न्यायचं पाकीट. सगळ्यात जास्त घसरण होते ती याच वयात आणि नेमकं याच वयाला आपण पाकीट देऊन घरी पाठवतो. ते पीठ शिजवायला घरी माणूस नाही. शिजलंच तर चार भावंडांत वाटलं जातं, बाळाच्या वाट्याला चार चमचे. चवीबद्दल आई काही बोलत नाही, तिला नोकरी आहे. मी बोलते: एकदा खाऊन बघा.

अंगणवाडीच्या खाऊचे दर ऐका. २०१७ मध्ये एका मुलामागे दिवसाला ८ रुपये ठरले, अतितीव्र कुपोषित असेल तर १२. एक अंडं सातला पडतं.

आणि पाणी. टँकर आला तर आला. जुलाबाने चार दिवसांत पोर जे गमावतं ते कमवायला महिना लागतो. आईकडे दंडाला लावायची पट्टी आहे, घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषण. पावसाळ्यात लाल पोरं वाढतात. रेशन तेवढंच असतं, पगारही तेवढाच असतो.

माझं म्हणणं: तांदूळ की पैसे हे भांडण बाजूला ठेवा, वस्तीत पाळणाघरं काढा. सकाळी सात ते संध्याकाळी सात, तीन वर्षांखालच्यांसाठी, दोन-तीनदा शिजवलेलं जेवण, हात धुवायला पाणी. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तिथे पाळणाघराची सक्ती होतीच. घोडबंदर रोडला, तळोजाला एवढे टॉवर चढलेत, किती ठिकाणी पाळणाघर पाहिलंत?

आकडेमोड

बकुळताईंच्या बाजूने थोडं. बांगलादेशात २००७ मध्ये ४३ टक्के मुलं खुजी होती, २०२२ मध्ये २४. तिथे कुणी एक जादूची योजना आणली नाही. मुली शाळेत टिकल्या, बायका कपड्यांच्या कारखान्यांत कमावू लागल्या, उघड्यावर शौचाला जाणं जवळजवळ संपलं, आरोग्य सेविका दारोदार फिरल्या. अंड्यांसाठी कोंबड्या होत्याच.

खाडीपल्याड यांच्या बाजूनेही आहे. ब्राझीलने २००३ पासून मोठ्या प्रमाणावर रोख दिली आणि २०१४ मध्ये तो देश जागतिक भुकेच्या नकाशातून बाहेर पडला. पण तिथे रोखीच्या जोडीला शाळेचं जेवण भक्कम होतं आणि २००९ च्या कायद्याने त्यासाठी मिळणाऱ्या केंद्रीय निधीतले निदान ३० टक्के छोट्या शेतकऱ्यांच्या मालावर खर्च करणं बंधनकारक झालं. एक बंद करून दुसरं दिलं नाही. आणि पुदुच्चेरीचं उदाहरण देताना पुढचंही सांगा: लोक तांदूळ मागत राहिले आणि २०२४ मध्ये रेशन दुकानं पुन्हा उघडावी लागली.

कोपरीकर

पाळणाघरात आपलं तान्हं पोर परक्या बाईकडे कोण सोडणार? आजी-आजोबांना गावाहून आणा की.

बकुळ (रबाळे)

दहा बाय दहाच्या खोलीत? आजीला झोपवायचं कुठे? शिवाय आजी गावाला ऊस तोडायला जाते हो, ती काही ओट्यावर जपमाळ घेऊन बसलेली नाही.

खाडीपल्याड (ऐरोली)

बकुळ, तुमचं बरंचसं पटलं तरी मूळ जागा सोडत नाही. आई सातला नाक्यावर का जाते? पैसे नाहीत म्हणून. बाळ वर्षाचं होईपर्यंत तिला महिन्याला घसघशीत रक्कम मिळाली तर ती जाणार नाही, स्वतः भरवेल. अन्न सुरक्षा कायद्यातच गरोदर बाईला किमान ६,००० लिहिलेत, प्रत्यक्षात पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे ५,००० हप्त्या-हप्त्याने मिळतात. नाक्यावर दहा दिवस काम लागलं तरी याहून जास्त सुटतात. रक्कम तुटपुंजी ठेवायची आणि मग ‘रोखीने काही होत नाही’ म्हणायचं, हे मला पटत नाही. पाळणाघराला जागा, बाई, सिलिंडर, देखरेख असं सगळं महापालिकेकडून उभं राहायला किती वर्षं जातील? खात्यात पैसे पुढच्या महिन्यात पडू शकतात. लाडक्या बहिणींना जुलै २०२४ पासूनचे महिना १,५०० पडलेच ना!

बकुळ (रबाळे)

पडले. आईच्या वस्तीत कुणी क्लासची फी भरली, कुणी भिशी, एकीने मिक्सर घेतला. चांगलंच केलं, माझी तक्रार नाही. पण ते पैसे बाळाच्या वाटीपर्यंत आपोआप जातील हे तुम्ही गृहीत धरताय. वर्षभराची रक्कम द्याच, मी सही करते. त्यासाठी तांदूळ काढून घेणार असाल तर नाही.

शटरबंद

ताई बोलल्या तेच. खाडीपल्याड, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये ‘तांदळाऐवजी’ आहे, तेवढं खोडा आणि ‘तांदळासोबत’ लिहा, मग माझाही पाठिंबा धरा.

खाडीपल्याड (ऐरोली)

नाही खोडत. दोन्हीला पैसे लागतात आणि अर्थसंकल्प एकच आहे. तांदूळ खरेदी, साठवण, वाहतूक यांवर आत्ता जातंय त्यातूनच हे काढावं लागेल. दुसरीकडून कुठून काढायचे ते कुणीतरी सांगा, मग बोलू.