झडप ‘बसवणे’ की ‘जुळवणे’? (आणि लॅप, लीड)

शब्दवेडी: मॉडेल वाफेच्या इंजिनाच्या जोडणीची पुस्तिका मराठीत करते आहे. ‘वॉल्व्ह सेटिंग’ला ‘झडप बसवणे’ लिहिलं तर चालेल? ‘लॅप’ आणि ‘लीड’ला काय म्हणता?

खटपट्या: ‘बसवणे’ नको. गॅरेजात ‘वॉल्व्ह बसवला’ म्हणजे पेस्ट लावून सीटवर घासला, गळती थांबवली. सरकत्या वॉल्व्हलाही ते करावं लागतंच. जाड काचेवर बारीक एमरी पेपर पसरून त्याचा तळ सपाट करतात. पण ते काम आधीचं. पिस्टन कुठे असताना पोर्ट (वाफ जायचं भोक) किती उघडं हवं, ते ठरवणं म्हणजे ‘जुळवणे’. दोन्हींना एक शब्द ठेवलात तर वाचणारा जुळवायच्या जागी घासत बसेल. ‘लॅप’चा घोळही हाच. मुंबईच्या नागदेवी बाजारात लॅपिंग पेस्ट मागितली तर घासायची पेस्ट मिळते. तिचा या लॅपशी काही संबंध नाही.

शब्दवेडी: मग या लॅपला शिंप्यांची ‘माया’ कशी वाटते? शिवणीबाहेर ठेवलेलं जास्तीचं कापड, तसा पोर्टच्या कडेबाहेर ठेवलेला जास्तीचा धातू.

पाच इंची गेज: शब्द झकास, पण धोक्याचा. माया गरज पडली की उसवतात, कापतात. लॅप कापला की इंजिनाचा स्वभावच बदलतो.

आकडे घेऊन बघा. मधलं एक्झॉस्ट पोर्ट 6 मिमी, त्याच्या दोन्ही बाजूंच्या भरीव पट्ट्या 3-3, वाफेची पोर्टं 3-3. बाहेरच्या कडांमधलं अंतर झालं 18. दर बाजूला 2 मिमी लॅप, म्हणजे वॉल्व्हची लांबी 22. आतली पोकळी 12. पोर्ट पूर्ण उघडायला वॉल्व्हची एकूण चाल 10 हवी. एवढ्यावर फुल गिअरमध्ये (दिशा बदलायचा लिव्हर पूर्ण टोकाला) वाफ पिस्टनच्या सुमारे 80 टक्के स्ट्रोकला तुटते, म्हणजे पोर्ट बंद होतं, आणि लिव्हर मध्याकडे आणला की आणखी लवकर. कोणी ‘माया’ समजून दोन्ही बाजू कानशीने 18 वर आणल्या, तर वाफ जवळजवळ स्ट्रोकभर आत जात राहील. तिला प्रसरण पावायला जागाच नाही. बॉयलर बिचारा पुरा पडणार नाही.

खटपट्या: ‘वाढावा’ म्हणा. त्याला कात्री लावायचा मोह होत नाही. आणि लीड म्हणजे ‘आगाऊ उघडीप’.

शब्दवेडी: ‘उघडीप’ वाचून मुंबईकर छत्री मिटेल. आणि ‘आगाऊ’ म्हणजे तर शेजारचा कार्टा.

पाच इंची गेज: अर्थ मात्र नेमका आहे. पिस्टन टोकाला असतानाच पोर्ट थोडं उघडलेलं असतं, वरच्या उदाहरणात 0.25 मिमी. वॉलशार्ट गिअरमध्ये (वॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांची एक रचना; बेल्जियम, 1844) ही उघडीप लिव्हर कुठेही ठेवला तरी तेवढीच राहते, कारण ती क्रॉसहेडकडून (पिस्टनच्या दांड्याच्या टोकाचा सरकता ठोकळा) कॉम्बिनेशन लिव्हर नावाच्या वेगळ्या दांड्यामार्फत येते. लॅप आणि लीड मिळून 2.25, दुप्पट 4.5. स्ट्रोक 45 असेल तर या कॉम्बिनेशन लिव्हरचं प्रमाण 1:10. स्टीफन्सन लिंक या दुसऱ्या रचनेत उघडीप दिशेच्या लिव्हरच्या जागेप्रमाणे बदलते, तेव्हा पुस्तिकेत गिअर कोणता ते आधी लिहा.

नवखा: ‘डेड सेंटर’ला ‘मृतबिंदू’ वाचलंय. तो नजरेने पकडता येतो ना?

खटपट्या: मृतबिंदू चालेल, नजर चालणार नाही. टोकाजवळ पिस्टन जवळजवळ हलतच नाही. 45 च्या स्ट्रोकला चाक 5 अंश चुकलं तरी क्रॉसहेड जेमतेम 0.1 मिमी सरकतो. तेवढ्यात फुल गिअरमध्ये वॉल्व्ह मात्र 0.4 च्या आसपास गेलेला असतो. सगळा लीड त्या चुकीतच संपला!

म्हणून टोकाच्या 5 मिमी अलीकडे स्लाइडबारवर (क्रॉसहेड जिच्यावर सरकतो ती पट्टी) खूण करा. क्रॉसहेड तिथे आला की फ्रेमला बांधलेल्या तारेसमोर चाकावर रेघ मारा. चाक पुढे फिरवा, क्रॉसहेड परत त्याच खुणेवर आला की दुसरी रेघ. दोन्हींचा मध्य तारेसमोर आणला की मृतबिंदू. दोन्ही वेळा क्रॉसहेड अंगठ्याने एकाच बाजूला हलका दाबून धरा, नाहीतर बेअरिंगमधली ढिलाई मोजमापात शिरते.

नवखा: मृतबिंदूवर फॉरवर्ड-रिव्हर्स केलं की माझा स्पिंडल (वॉल्व्हचा दांडा) हलतो. हलायला नको ना?

पाच इंची गेज: अजिबात नको. पुढच्या आणि मागच्या दोन्ही मृतबिंदूंवर बघा. दोन्हीकडे एकाच दिशेला हलत असेल तर एक्सेंट्रिक रॉडची (चाकाकडून चाल आणणारा दांडा) लांबी चुकली. उलट दिशांना हलत असेल तर रिटर्न क्रँकचा (तो रॉड फिरवणारी चाकावरची छोटी भुजा) कोन. हा दोष गेल्याशिवाय स्पिंडलच्या नटला हात लावू नका.

मग उघडीप. चेस्टचं (वॉल्व्ह असतो ती वाफेची पेटी) झाकण काढून फीलरची पानं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. पुढे 0.5, मागे शून्य आलं तर बेरीज बरोबर आहे, फक्त वाटणी चुकली: एम3 स्पिंडलला 0.5 ची पिच, अर्धा फेरा पुरे. बेरीजच 0.5 नसेल तर नट फिरवून काही होणार नाही. वॉल्व्हची लांबी आणि कॉम्बिनेशन लिव्हर पुन्हा मोजा.

शब्दवेडी: म्हणजे ‘जुळवणे’, ‘वाढावा’, ‘मृतबिंदू’ ठेवते. ‘उघडीप’ही, पण ‘आगाऊ’ काढून. आणि ‘वॉल्व्ह गिअर’? गिअर म्हटलं की दातेरी चाक डोळ्यांपुढे येतं, इथे तर एकही दात नाही.

खटपट्या: ‘झडपेचे दांडे’. सुटे केले की टेबलावर नेमकं तेवढंच दिसतं.