मदत हवी आहे: पापडाला किलोमागे 40 रुपये सुटतात, मग मजुरी का थकते?

लाटणेवाली
लातूर जिल्ह्यातल्या एका गटाचा उडदाच्या पापडाचा उद्योग आहे. 14 बायका, महिन्याला 600 किलो माल, दुकानदाराला 260 रुपये किलो. 100 किलोचा खर्च: पीठ 11,300, मिरी-हिंग-पापडखार-मीठ-तेल 2,900, लाटण्याची मजुरी 5,000, पाकिटं 1,500, दळण-वीज 500, वाहतूक 800. किलोला 220 पडतात, म्हणजे 40 सुटतात. तरी मजुरी दर महिन्याला पंधरा दिवस मागेच.

दुसरं, एक कंपनी सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी ठेवलेल्या पैशातून, वाळवणी यंत्र देऊ म्हणते, पण 'सामाजिक परिणाम' आकड्यांत मागते. काय लिहायचं? आणि नोंदणी प्रोड्युसर कंपनीची (उत्पादकांची स्वतःची कंपनी) करावी की सेक्शन 8 ची (ना-नफा कंपनी)?

हिशेबनीस
खोलीभाडं कुठे आहे? चुरा किती? उधारी किती दिवसांची?

लाटणेवाली
भाडं 4,000. पीठ भिजवून लाट्या वाटणाऱ्या आणि वही ठेवणाऱ्या ताईंना 9,000. चुरा 5 टक्के, तो 120 रुपये किलोने जातो. उधारी दीड महिना.

हिशेबनीस
मग 40 सुटतच नाहीत. 600 किलोवर 24,000 दिसतात. त्यातून भाडं-पगाराचे 13,000 गेले. 30 किलो चुऱ्यावर किलोला 140 बुडाले, ते 4,200. उरले 6,800, किलोला अकरा रुपये. उद्योग तोट्यात नाही, पण मजुरी थकते ती उधारीमुळे. महिन्याची विक्री 1,56,000, दीड महिन्याचे 2,34,000 कायम दुकानदारांकडे अडकलेले. म्हणजे त्यांना बिनव्याजी कर्ज देताय तुम्ही, तेही बायकांच्या मजुरीतून!

उधारी एक महिन्यावर आणली तरी 78,000 मोकळे होतात, अडीच महिन्यांची मजुरी. पंधरा दिवसांत पैसे देणाऱ्याला किलोमागे 4 रुपये सूट द्या. सगळ्यांनी घेतली तरी खर्च 2,400. मोकळे झालेले पैसे मजुरीच्या वेगळ्या खात्यात ठेवा, त्यातून उडीद घ्यायचा नाही.

पाकिटांवरचा जीएसटी खर्चातच धरा. पापड करमुक्त आहे, त्यामुळे तो परत मिळत नाही.

ओवी_ओसरी
परिणामाबद्दल. '14 महिलांचं सक्षमीकरण' लिहू नका, त्याला कुणी विचारत नाही. महिन्याची एकूण मजुरी 30,000, म्हणजे प्रत्येकीला साधारण 2,140. पण हा सगळा आकडाही तुमचा नव्हे. खुरपणीच्या दिवसांत पापडासाठी एखादीने 8 दिवसांची 250 रुपयांची मजुरी सोडली, तर 2,000 तिथे गेले. त्या महिन्यात तिला पापडाने दिले 140. उन्हाळ्यात शेतात काम नसतं तेव्हा पूर्ण 2,140 वाढीव. म्हणून महिनावार तक्ता करा: पापडाची मजुरी, सोडलेली मजुरी, फरक. फरकाचाच रकाना द्या. आकडा लहान दिसेल, पण टिकेल.

ताशी मजुरीही काढा. तीन बायकांना साध्या दिवशी घड्याळ लावून बघा, वाळत घालणं-गोळा करणं धरून.

गिरगावात 1959 मध्ये सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जतची पद्धत बघा: सकाळी पीठ न्यायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे आणि मजुरी घ्यायची. दुकानदाराने पैसे दिले की नाही याच्याशी लाटणारीचा संबंध नाही. माझ्या मते सामाजिक मूल्य म्हणतात ते इथे आहे, अहवालात नाही.

कागदपत्रवाला
नोंदणीबद्दल थोडक्यात. प्रोड्युसर कंपनीला किमान 10 उत्पादक सभासद लागतात, तुम्ही 14 आहात. शिल्लक सभासदांत कामाच्या प्रमाणात वाटता येते. सेक्शन 8 मध्ये नफा वाटता येत नाही, मजुरी देता येते. अडचण एवढीच की सीएसआरचं काम राबवणाऱ्या संस्थांच्या यादीत सेक्शन 8, ट्रस्ट, सोसायटी आहेत, प्रोड्युसर कंपनी नाही. त्यामुळे प्रोड्युसर कंपनी करून सीएसआरपुरती सीएसआर-1 नोंदणी (असं काम राबवण्यासाठी सरकारकडे करायची नोंदणी) असलेल्या संस्थेची सोबत घ्या. वर्षाचा सीएचा खर्च मात्र आत्ताच किलोच्या हिशेबात घाला.

लाटणेवाली
घड्याळ लावून पाहिलं. किलोला 1 तास 40 मिनिटं, म्हणजे तासाला 30 रुपयेच पडतात. आणि चुरा मोजला तर 5 नाही, 9 टक्के निघाला!

हिशेबनीस
9 टक्के म्हणजे 54 किलो, 7,560 गेले. शिल्लक 3,440 वर आली. मजुरी वाढवायचे पैसे इथेच सापडतील. चुरा घरी होतो, पॅकिंगला होतो की दुकानात, तिन्ही वेगळे तोला. 1 किलो पीठ, 100 ग्रॅम मीठ-मसाला-तेल, 400 मिली पाणी मिळून दीड किलो लाट्या. वाळून सुमारे 1.15 किलो यायला हवेत. जास्त आले तर ओले, पावसाळ्यात बुरशी धरणार. बरेच कमी आले तर कडक वाळलेत, पाकिटात मोडणार.

म्हणूनच यंत्र घ्यायची घाई नको. उडदाच्या पापडाला एकदम जास्त आच लागली की कडा वळतात आणि चुरा वाढतो. आच कमीजास्त करता येत असेल आणि 10 किलोची चाचणी करून देत असतील, तरच बोला. नाहीतर त्यांच्याकडून चांगला तोलकाटा, जाळीचे ट्रे आणि पाकिटं सील करायचं यंत्र मागा.

लाटणेवाली
जाळीच्या ट्रेवर सावलीत वाळवायचे की उन्हात?

हिशेबनीस
आधी सावलीत, मधे एकदा उलटून. ऊन शेवटी, तेही कोवळं, अर्धा तास पुरे.