मदत हवी आहे: लेकीच्या कानातून ट आणि त मधला फरक जाईल का?

नमस्कार मंडळी, आम्ही टोरांटोला असतो, लेक आता ९ महिन्यांची आहे आणि पुढच्या महिन्यापासून डेकेअरला जाणार, तिथे दिवसभर इंग्लिशच. १९८४ चा जॅनेट वर्कर आणि टीस यांचा प्रयोग वाचला आणि टेन्शनच आलं, इंग्लिश घरातल्या ६-८ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला ट-त मधला फरक कळत होता पण १०-१२ महिन्यांच्या बाळांना जवळजवळ नाहीच. म्हणजे कान जन्मतः सगळ्यासाठी उघडे असतात आणि नंतर घरात जे ऐकू येतं त्यावरच पक्के होतात. मला वाटलं आजीचा रोजचा व्हिडिओ कॉल आहेच की, पण पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात अमेरिकन बाळं समोर बसलेल्या माणसाकडून मँडरिनचे आवाज शिकली, तेच रेकॉर्डिंग टीव्हीवर दाखवलं तर नाही. कॉलवर आजी निदान उत्तर तरी देते, तेवढ्याने फरक पडतो का? नवरा आणि मी घरी मराठीच बोलतो (भांडतोही मराठीतच), पण संध्याकाळचे जेमतेम दोन-तीन तास मिळतात. ज्यांची मुलं बाहेर वाढली त्यांनी प्लीज सांगा, ळ आणि ण नीट आले का, आणि घरी नक्की काय केलंत?