कोरहाचा दाखला मला लागू होतो का?

छपराखालची ताई:
जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, छपरासाठी दोन वर्षं वर्गणी जमतेय. पावसात वेदीच्या डाव्या बाजूला अजून बादली ठेवावी लागते. वार्षिक सभेत मी हिशेब मागितला, तर मंडळीतले एक वडीलधारे पुढारी उठून म्हणाले, "बायबलातलं गणना 16 वाचा. कोरहाचं काय झालं माहितीय ना?" मोशेविरुद्ध उठलेल्या आणि धरणीनं गिळलेल्या माणसाच्या पंगतीला बसवलं मला. घरी येऊन तो अध्याय दोनदा वाचला, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पाळकसाहेबांबद्दल मला आदर आहे. तरी आतून वाटतं, विचारायलाच हवं होतं. चुकलं का माझं?

निवृत्त गुरुजी:
ताई, त्याच अध्यायातलं 15वं वचन बघा. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे देवाला म्हणतो, मी यांचं एक गाढवसुद्धा घेतलेलं नाही. कोणी न मागता हिशेब दिला त्यानं! कोरहाला काय हवं होतं, ते 10व्या वचनात आहे: याजकपद, म्हणजे पुरोहिताचा मान. तुम्हाला छप्पर हवंय.

आता 2 राजे 12 काढा. योवाश राजाच्या 23व्या वर्षापर्यंत याजकांनी मंदिराची डागडुजी केलीच नव्हती. राजानं त्यांना बोलावून जाब विचारला. मग यहोयादा याजकानंच एका पेटीच्या झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीच्या उजवीकडे ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि प्रमुख याजक, दोघं येऊन पैसे मोजत.

मंडळीचा सेवक:
गुरुजी, तिथलंही 15वं वचन वाचा ना. ज्यांच्या हाती पैसे दिले त्यांच्याकडून हिशेब घेत नसत, कारण ते सचोटीनं वागत. सेवकांवर विश्वासही टाकावा लागतो. चारचौघांत विचारलं की मन दुखावतं हो. प्रेषित पौलानं प्रमुख याजकाला 'चुना लावलेली भिंत' म्हटलं, पण तो कोण हे कळताच सावरून घेतलं.

निवृत्त गुरुजी:
शब्द सावरला, बाजू सोडली नाही. आणि भाऊ, पैसे आधी दोघांनी मोजलेले असत. विश्वास त्यानंतरचा.

छपराखालची ताई:
2 राजे 12 आत्ताच वाचलं. सेवकभाऊ, सभेआधी मी दोनदा एकटीनं जाऊन विचारलं होतं. सभेत आवाज चढला, त्याची माफी रविवारी मागेन. त्याच दिवशी अर्जही देणार आहे, पेटी उघडताना दोघांनी मोजावं म्हणून. सासूबाईंनी आपणहून चष्मा मागवला आणि माझ्या खाली सही केली.