अनुभव धागा : स्वाइप आपल्या हाताला कसे बसवले?

नवा फोन घेतला तेव्हा खालची तीन बटणे गेली आणि त्यांच्या जागी कडेने बोट ओढणे, म्हणजे स्वाइप, आले. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, ही पद्धत रुळली. मी मात्र गेल्या वर्षी तिच्या वाटेला गेले. ई-पुस्तक वाचताना पान उलटायला उजव्या कडेवरून बोट आत ओढावे, तर फोन त्याला 'मागे जा' समजे आणि पुस्तकच बंद होई. शेवटी सेटिंग्जमध्ये सिस्टिम, जेश्चर्स, नेव्हिगेशन मोड असे शोधत गेले. तिथे डाव्या आणि उजव्या कडेची संवेदनशीलता वेगवेगळी ठरवता येते, आणि सरकपट्टी हलवताना कडेला किती रुंद पट्टा राखला जातो तेही दिसते. उजवी बाजू अगदी कमी केली, डावी तशीच ठेवली, आणि पुस्तक सुटले. आपण आपापले स्वाइप कसे बसवले, काय फसले, ते सविस्तर लिहावे ही विनंती.

डोंबिवलीहून : सकाळच्या लोकलमध्ये एक हात वरच्या कडीला असतो, त्यामुळे फोनचा सगळा कारभार एका अंगठ्यावर चालतो. सॅमसंगच्या 'वन हँड ऑपरेशन प्लस' या अ‍ॅपने माझी सोय केली. त्यात कडेवर एक पट्टी बसते. तिच्यावरून सरळ, तिरके वर आणि तिरके खाली अशा तीन दिशांना बोट ओढता येते, शिवाय थोडे ओढले तर एक काम आणि लांब ओढले तर दुसरे. मी तिरके खाली ओढल्यावर सूचना उघडाव्यात आणि तिरके वर ओढल्यावर आधीचे अ‍ॅप यावे असे ठरवले. सरळ आणि लांब ओढण्याला स्क्रीनशॉट दिला, हा मात्र मूर्खपणा होता, कारण गर्दीत धक्का बसला की बोट आपसूक लांब जाते. महिनाभराने गॅलरीत एकाच वेळापत्रकाची कितीतरी चित्रे निघाली. मग लांब ओढण्याचे ते काम काढून टाकले. पट्टी कीबोर्डच्या वर संपेल इतकी आखूड करावी, नाहीतर कडेची अक्षरे टाइप करताना वैताग येतो.

पुण्याहून : मला दृष्टी नाही, त्यामुळे आपण ज्याला सोय म्हणता ते माझे वाचनच आहे. टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचे वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय, सुरू असताना उजवीकडे स्वाइप केले की पुढची गोष्ट आणि डावीकडे केले की मागची गोष्ट ऐकू येते. २०२१ मध्ये त्यात अनेक बोटांचे हावभाव, म्हणजे जेश्चर्स, आले, पण माझा फोन लहान, त्यावर जाड कव्हर, आणि तीन बोटे एकदम टेकली की त्याला दोनच कळत. टॉकबॅकच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक हावभावाचे काम बदलता येते, म्हणून मी तीन बोटांची कामे एका बोटाने काढायच्या कोनांवर, म्हणजे वर जाऊन उजवीकडे वळण्यासारख्या खुणांवर, आणली. त्यांतलीच एक खूण पडदा झाकण्यासाठी ठेवली आहे. मला दिसत नाही म्हणून बसमधल्या शेजाऱ्याने माझे संदेश वाचावेत, असे थोडेच आहे!

सांगलीहून : मोठ्या उत्साहाने बाबांच्या फोनवर सगळे हावभाव लावून दिले. त्यांच्या बोटांना थोडा कंप आहे, त्यामुळे बोट वर ओढण्याऐवजी टेकून राहायचे आणि भलतेच काही उघडायचे. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "अरे, माझी ती बटणं तेवढी परत आण." तीन बटणांचा पर्याय नेव्हिगेशन मोडच्या त्याच पानावर असतो, लगेच आणला.

ठाण्याहून : आमच्या सोसायटीचा पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. जीमेलमध्ये दोन्ही बाजूंचे स्वाइप मुळात 'आर्काइव्ह', म्हणजे न पुसता इनबॉक्समधून बाजूला ठेवणे, असतात हे ठाऊक नसल्यामुळे टँकरचे बिल मी हटवले असे समजून दोन दिवस हळहळत होतो. ते 'ऑल मेल'मध्ये सुखरूप होते. आता उजवीकडे 'स्नूझ', म्हणजे मेल नंतर पुन्हा समोर आणणे, ठेवले आहे आणि डावीकडे काहीच नाही.

नाशिकहून : मराठी लिहिणाऱ्यांनी जीबोर्डकडे, म्हणजे गूगलच्या कीबोर्डकडेही पाहावे. बॅकस्पेस दाबली की आधी मात्रा जाते, मग अक्षर, आणि जोडाक्षर असेल तर हलन्त उरतो. त्याच कळीवरून डावीकडे बोट ओढले की अख्खे शब्द निवडले जातात आणि बोट उचलताच पुसले जातात. स्पेसच्या कळीवरून बोट सरकवले की कर्सर हलतो, त्यामुळे चुकलेली वेलांटी गाठायला पडद्यावर नेम धरत बसावे लागत नाही.