मदत हवी: एलएमडीएचमध्ये इंजिनावरचा खर्च नेमका कसा रोखला जातो? (सेमिनार + मॉडेल)

गोदाकाठ_मेक, नाशिक
शेवटच्या वर्षाच्या सेमिनारला ल मां या फ्रान्समधल्या २४ तासांच्या मोटार शर्यतीच्या सर्वोच्च गटातली खर्चकपात हा विषय घेतलाय. २०१६ अखेर ऑडी, २०१७ अखेर पोर्शे एलएमपी१ (तेव्हाचा सर्वोच्च गट) मधून बाहेर पडली आणि टोयोटा एकटी उरली, इथपर्यंत ठीक. एलएमडीएच हा आताच्या सर्वोच्च गटातला कमी खर्चाचा नियमसंच; त्यात चॅसी (गाडीचा सांगाडा) दलारा, लिजिए, मल्टिमॅटिक किंवा ओरेकाचीच घ्यायची, हेही समजलं. अडलंय इंजिनापाशी. इंजिन ज्याचं त्याचं असताना पैसेवाली कंपनी त्यात पैसा ओतून पुढे का निघून जात नाही? सरांना छोटं मॉडेलही हवंय. बजेट ५ हजार, वेळ ३ आठवडे.

सातपूरकर
कारण ताकद इंजिनावर मोजतच नाहीत. मागच्या दोन्ही ड्राइव्हशाफ्टवर (चाक फिरवणाऱ्या दांड्यांवर) टॉर्क, म्हणजे पीळ, मोजणारे सेन्सर असतात. टॉर्क गुणिले कोनीय वेग, म्हणजे चाकाकडे जाणारी ताकद. इंजिन आणि हायब्रिड मिळून ५०० किलोवॉटच्या आसपास मर्यादा, ती बॅलन्स ऑफ परफॉर्मन्सनुसार (गाड्या बरोबरीत ठेवायला आयोजक करतात ते बदल) थोडी वरखाली होते. इंजिनाने जास्त काढली तरी वापरता येत नाही. म्हणून कॅडिलॅकचं ५.५ लिटरचं बिनटर्बो व्ही८ आणि पोर्शेचं ४.६ लिटरचं ट्विन टर्बो एकाच गटात धावू शकतात. पैसा टिकाऊपणावर आणि इंधनावर अजूनही लागतो, ते स्लाइडवर प्रामाणिकपणे लिहा.

मागच्या आसाची ५० किलोवॉटची मोटर सगळ्यांना एकच, बॉशची. आपल्या नाशिकच्या मायको सर्कल चौकाचं नाव ज्या कंपनीवरून (मायको, आताची बॉश) पडलं तीच. गिअरबॉक्सही सगळ्यांना एक्सट्रॅकचाच.

बॉडीचंही तसंच. एलएमपी१ वाले ल मांसाठी वेगळी, कमी ड्रॅगची बॉडी बनवायचे. आता एकच बॉडी मंजूर होते, आणि डाउनफोर्स-ड्रॅग ठरलेल्या चौकटीत बसतात का ते विंड टनेलमध्ये तपासतात.

एक चूक टाळा: फेरारी, टोयोटा, पूजो या एलएमएच, म्हणजे याच गटातल्या दुसऱ्या नियमसंचाच्या गाड्या आहेत. चॅसी स्वतःची, मोटर पुढच्या आसावर. एलएमडीएचच्या तक्त्यात त्या घालू नका.

अंबड_शॉपफ्लोअर
मॉडेलसाठी हाच टॉर्क सेन्सर करा. अंबडला कुठल्याही टर्निंगवाल्याकडून १२ मिमीचा माइल्ड स्टीलचा शाफ्ट करून घ्या. ३५० ओहमचे चार स्ट्रेन गेज (ताणलं की रोध बदलणाऱ्या चिकटवायच्या पट्ट्या) लागतील: दोन अधिक ४५ अंशांवर, दोन उणे ४५ वर, समोरासमोरच्या बाजूंना. पूर्ण ब्रिज (चार गेजचं चौकोनी सर्किट) जोडताना शेजारच्या दोन भुजांत उलट दिशेचे गेज यायला हवेत, नाहीतर टॉर्कच शून्य दिसेल.

३२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, ॲसिटोनने पुसा, मग बोट लावू नका. बोटाच्या तेलावर गेज धरत नाही.

कॅलिब्रेशनला एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं बेअरिंगवर, त्यावर अर्ध्या मीटरची आडवी दांडी. २ किलो टांगलं की ९.८१ न्यूटन-मीटर. गेजवर साधारण १८० मायक्रोस्ट्रेन (लांबीत दहा लाखांत १८० भाग बदल) येतो, ५ व्होल्टवर १.८ मिलिव्होल्ट. एचएक्स७११ ला (गेजचा बारीक सिग्नल वाढवून आकड्यात बदलणारी चिप) हे पुरतं. ईएसपी३२ (ब्लूटूथवालं छोटं कंट्रोलर बोर्ड) आणि बॅटरी शाफ्टवरच बांधा, वाचन ब्लूटूथने घ्या. वजन समोरासमोर बांधा, नाहीतर फिरवताना शाफ्ट थरथरेल.

गोदाकाठ_मेक, नाशिक
दोनच गेज लावले तर? आणि फिरवायला ड्रिल मशीन चालेल?

अंबड_शॉपफ्लोअर
एकाच बाजूला दोन लावले तर शाफ्ट वाकल्याचा ताणही टॉर्कमध्ये मिसळू शकतो. चारच लावा. ड्रिल चालेल, पण कमी गतीचं, गिअरवालं. ३०० आरपीएमला ९.८१ न्यूटन-मीटर म्हणजे जवळपास ३०८ वॉट. भार रोप ब्रेकने (चाकावर गुंडाळलेल्या दोराच्या घर्षणाने) द्या, स्प्रिंग बॅलन्सवर तोच टॉर्क ताडून बघता येतो.

वजनं चढवताना आणि उतरवताना दोन्ही वेळा वाचन लिहा. परत शून्यावर येत नसेल तर गोंद सुटलाय. तो गेज खरवडून काढा, नवा लावा. कोडमध्ये आकडा बसवून झाकू नका, तापमान बदललं की पुन्हा सरकेल. आणि एचएक्स७११ सेकंदाला जास्तीत जास्त ८० वाचनं देतो. सरासरी ताकदीला ठीक, गिअर बदलतानाचा झटका त्यात दिसणार नाही. परीक्षक हेच विचारतील.