८ मार्चला सोसायटीत 'तुम्हारी सुलू' दाखवावा का? (रसभंग आहे)

वैजू_वसई

आमच्या सोसायटीत ८ मार्च म्हणजे संगीत खुर्ची, उखाणे आणि कुणीतरी डॉक्टरीणबाई येऊन कॅल्शियमवर बोलणार. यंदा तळमजल्यावरच्या काकू आणि मी हट्टाला पेटलोय, प्रोजेक्टर लावून सिनेमाच दाखवायचा. मी 'तुम्हारी सुलू' सुचवला. विद्या बालन, विरारची बारावी नापास गृहिणी, लिंबू-चमच्याच्या शर्यतीतसुद्धा जीव ओतणारी. रेडिओ स्टेशनवर बक्षिसाचा कुकर आणायला जाते काय, तिथे आरजे (रेडिओवरची निवेदिका) पाहिजे ही जाहिरात बघते काय आणि हटूनच बसते. मग तिला रात्री श्रोत्यांशी फोनवर बोलायचा शो मिळतो. आमच्याच पट्ट्यातली बाई, अजून काय हवं?

तर कमिटीतल्या एका वहिनींचं म्हणणं, "ती रात्री परक्या पुरुषांशी लाडात बोलते, सासवा-सुनांनी एकत्र बसून कसं बघायचं?" मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. फोनवर घसरणाऱ्याला सुलू हसत हसत जागेवर आणते. चर्चगेटहून रोज विरार गाडीने येणाऱ्या कुठल्याही बाईला ही कला येतेच, फक्त तिचा पगार मिळत नाही.

मला अडतंय ते शेवटी. मुलाचं शाळेतलं प्रकरण निघतं, बँकेत नोकऱ्या करणाऱ्या जुळ्या बहिणी आणि वडील तिला घेरतात, ती काम सोडते. मग रेडिओच्या ऑफिसला डबे पुरवायचं काम मिळतं, ते नवरा बघतो आणि सुलू पुन्हा माइकपुढे. आमच्याकडे लगेच म्हणतील, "बघा, घरचं बघायला माणूस मिळाला तेव्हाच जमलं ना!" त्यापुढे चर्चा सरकायची नाही. तुम्हाला तो शेवट पटला का? आणि रेडिओत काम केलेलं कुणी असेल तर सांगा, रात्रीचा शो खरंच असा चालतो?

फेडर_वर

वैजू, मी एका खासगी एफएमवर शो करायचे, मुंबईबाहेर. स्टुडिओतलं वातावरण बरंचसं खरं आहे. दोन गाण्यांच्या मध्ये आपण बोलतो त्याला आम्ही 'लिंक' म्हणतो, आणि ती किती सेकंदांची यावरून प्रोड्युसरशी रोज वाजायचं. सुलूसारखं निवांत गप्पा मारणं म्हणजे चैन. फोनही बहुतेक वेळा आधी रेकॉर्ड करून, कापून-छाटून मग लावतात, कारण समोरचा काय बोलेल याचा नेम नाही. आणि रात्री उशिरा तर कित्येक स्टेशनांवर माणूसच नसतो, सगळं आधी भरून ठेवलेलं असतं.

पण आवाजाचं जे दाखवलंय ते अगदी खरं. आवाज चांगला असून भागत नाही, ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की ही माझ्याशीच बोलतेय. सिनेमात अलबेली अंजली ही आरजे झालीय ती मलिष्का, म्हणजे खरीच आरजे. त्याच २०१७ च्या पावसाळ्यात खड्ड्यांवरून महापालिकेला टोमणे मारणारं तिचं 'सोनू'चं विडंबन गाजलं होतं, आठवतंय? खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, म्हणून जे म्हणायचं ते असं गाण्यात घालून.

आप्पा_दादरकर

आमच्या वेळी रेडिओवर बाई म्हणजे 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकेतल्या मीनावहिनी, नीलम प्रभूंचा आवाज. त्या बोलायला लागल्या की आमची आई पोळ्या लाटायची थांबायची. रात्री विविधभारतीवर दहाला 'छायागीत', ते ऐकता ऐकता झोप. सिनेमा पाहिलेला नाही. पण बाईने रात्री रेडिओवर बोलण्यात नवल ते काय?

वैजू_वसई

आप्पा, नवल बोलण्याचं नाहीच, रात्री घरी कोण असणार त्याचं आहे! तुमची 'छायागीत'वाली निवेदिका घरी कशी जायची, हे कुणी विचारलं होतं का तेव्हा?

कलम_तेरा

ताई, हे मी विचारतो, कारण कामगार कायदा हा माझा धंदा आहे. सिनेमा आला १७ नोव्हेंबर २०१७ ला. महाराष्ट्राचा नवा दुकाने व आस्थापना कायदा लागू झाला १९ डिसेंबर २०१७ ला. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती पाहिजे, सुरक्षिततेची सोय पाहिजे आणि घराच्या दारापर्यंत गाडी पाहिजे, असं त्यात आहे. तुमच्या वहिनींना सांगा, कायदा 'चालेल का' असं सासूला विचारत नाही, बाईला विचारतो.

मधल्यासुट्टीत

शेवटाबद्दल माझं उलट मत. तुम्ही सगळे सुलूकडे बघताय, जरा तिच्या नवऱ्याकडे, अशोककडे बघा. मानव कौलने काय काम केलंय! युनिफॉर्म शिवणाऱ्या कंपनीत म्हाताऱ्या मालकांची बोलणी खात इतकी वर्षं काढली, आणि मालकाचा पोरगेलासा नातू येऊन त्याचा पाणउतारा करतो. बायकोचा आवाज त्याला बोचायला लागतो तो याच दिवसांत. सुलूवर त्याचा राग नाही, ऑफिसात जे गिळावं लागतं ते घरी बाहेर पडतं. म्हणून तो डब्यांच्या कामात शिरतो ते मला बायकोवर उपकार केल्यासारखं वाटलं नाही. त्याचीच सुटका झाली. खोट मला दुसरीकडे दिसते. त्या बहिणी शेवटपर्यंत नुसत्या खाष्टच राहतात. नोकरी करणाऱ्या बाईलाच बहिणीची नोकरी का खुपते, हे दिग्दर्शकाने विचारायला हवं होतं.

वैजू_वसई

बहिणींचं अगदी पटलं. कमिटीतल्या त्या वहिनीही शिक्षिका आहेत, म्हणून तर आणखी पटलं. अशोकचं मात्र अर्धंच पटलं. तो सुटला हे खरं, पण सुटायची वाट सुलूच्याच ऑफिसातून निघाली, आणि श्रेय दोघांत वाटलं गेलं. असो, हेच त्या दिवशी बायकांपुढे टाकते. सासवांच्या बाजूला मुद्दाम काकूंना बसवणार आहे.

कलम तेरा, तुमचं वाक्य नोटीस बोर्डवर लावू का? आणि कुणीतरी सांगा, सिनेमा सव्वादोन तासांच्या वर आहे, मध्यंतर कुठे घेऊ? वडे गरम मिळाले पाहिजेत.

फेडर_वर

तिचा पहिला शो संपला की. वडे आधी तळू नका, त्या शोच्या वेळी स्वयंपाकघरात कुणी थांबणार नाही.

कलम_तेरा

लावा. फक्त खाली माझं नाव नको, माझी सासूही वसईतच राहते.